पाय असून न चालणारी प्रथिनं

नोकरीची सगळी वर्षं पेशीशास्त्र शिकवण्यात गेली. त्याआधीची, उमेदीची म्हणतात ती वर्षं एका प्रयोगशाळेत पेशींची केंद्रकं वेगळी काढण्यात गेली. स्नायू ज्याच्या जोरावर आखडतो त्या मायोसिनचा एक भाऊबंद केंद्रकात शिरून जनुकांच्या प्रतिलेखनाला, म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिण्याला, हातभार लावतो की काय, या प्रश्नाने तेव्हा आमच्या क्षेत्रातली माणसं हमरीतुमरीवर यायची. मी त्या प्रश्नाच्या कडेकडेने वावरले. माझ्या नावावर शोध म्हणावा असं काही नाही, पण कडेला उभं राहिल्यावर ऐकू बरंच येतं. त्यातलं जे लक्षात राहिलं ते लिहिते.

१. सुंदर चित्र एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. कायनेसिन नावाचं मोटर प्रथिन दोन पायांवर सूक्ष्मनलिकेवरून चालतं आहे, हे चित्र आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पाहिलं. पुढे २००६ साली हार्वर्डसाठी तयार झालेल्या त्या प्रसिद्ध ॲनिमेशनमध्ये ते डुलत डुलत चालायलाच लागलं, आणि स्वतःच्या कित्येक पट मोठा फुगा ओढून नेऊ लागलं. दर पावलाला ८ नॅनोमीटर, दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. वर्गात ते लावलं की मागच्या बाकावरचे मोबाइल आपोआप खाली जायचे. माझंही तेच व्हायचं. व्याख्यान विसरून मी पडद्याकडे बघत राहायचे. मोटर म्हणजे चालणारी, ओझं नेणारी, हे समीकरण इतकं पक्कं होतं की केंद्रकात मायोसिन सापडलं असं प्रथम वाचलं तेव्हा मनात आलेला पहिला प्रश्न ‘ते कुठे निघालंय?’ हाच होता. कुठेतरी निघालेलं असणारच, याची मला खात्री होती. इतकी खात्री माणसाला फक्त न पाहिलेल्या गोष्टींबद्दलच वाटते.

२. मग रूळ शोधायला लागले, तर रूळच दिसेनात. मायोसिन चालतं ते ॲक्टिनच्या तंतूंवरून. हे तंतू पाहायचे तर फॅलॉइडिन नावाचा पदार्थ रंगवून वापरतात. तो तंतूंना घट्ट चिकटतो. मायक्रोस्कोपखाली पेशीद्रव्यात तंतूंचं झगमगतं जाळं दिसायचं आणि बरोबर मधोमध केंद्रकाच्या जागी काळा गोल. कितीही स्लाइडी केल्या तरी तोच काळा गोल. केंद्रकात ॲक्टिन आहे, पण बहुतेक सुटं किंवा अगदी आखूड साखळ्यांत, हे हळूहळू स्पष्ट झालं. पुढे २०१३ साली जर्मनीतल्या रॉबर्ट ग्रोसे यांच्या गटाने दाखवलं की उपाशी ठेवलेल्या पेशींना सीरम दिलं की केंद्रकातही तंतू तयार होतात, पण थोडा वेळच, आणि पुन्हा विरतात. म्हणजे रूळ काम निघालं की टाकायचे आणि लगेच उचलायचे. (जाता जाता: फॅलॉइडिन ज्या विषारी अळंबीतून येतं, त्याच अळंबीत आल्फा-अमॅनिटिन हे दुसरं विष असतं, आणि ते प्रतिलेखन करणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ला जागच्या जागी थांबवतं. एकाच छत्रीखाली ॲक्टिनचाही शत्रू आणि प्रतिलेखनाचाही. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हा योगायोग फार आवडतो आणि व्हायव्हात तो विचारल्याशिवाय मला राहवत नाही.)

३. संशय घेणारा माणूस लॅबमध्ये कुणालाच आवडत नाही. आमच्याकडे असे एक वरिष्ठ होते. कुणीही केंद्रकातलं ॲक्टिन दाखवलं की चष्मा कपाळावर नेऊन विचारायचे, “धुतलंस किती वेळा?” राग यायचा, पण प्रश्नात दम होता. ॲक्टिन हे पेशीतल्या सर्वांत मुबलक प्रथिनांपैकी एक. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या केंद्रकांच्या गोळ्याला बाहेरचं ॲक्टिन चिकटून आलं नाही कशावरून? या एका शंकेने हा विषय कित्येक वर्षं अडवून धरला होता. त्यावर पहिला दिलासा बेडकाने दिला. आफ्रिकी बेडकाच्या अपक्व अंड्याचं केंद्रक इतकं मोठं असतं की नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि बारीक चिमट्याने हातानेच बाहेर काढता येतं. सेंट्रिफ्यूज नको, गाळणं नको. क्लार्क आणि मेरियम यांनी १९७७ साली तशा केंद्रकांतलं ॲक्टिन मोजलं आणि ते भरपूर निघालं. आम्ही खूश. मग कळलं की बेडकाचं हे अंडं म्हणजेच अपवाद आहे. एरवी पेशी ॲक्टिनला केंद्रकातून सतत बाहेर घालवत असतात, आणि ते काम करणारं एक्स्पोर्टिन-६ हे प्रथिन या अंड्यात नसतं. म्हणून तिथे ॲक्टिनचा साठा. तो तिथे काय करतो याचं उत्तर २०१३ साली प्रिन्स्टनहून आलं, आणि ते वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. एवढ्या मोठ्या केंद्रकात आतल्या गोष्टींना गुरुत्वाकर्षण जाणवतं. ॲक्टिनची जाळी काढून टाकली की न्यूक्लिओलस, म्हणजे केंद्रकातले थेंबासारखे गोळे, खाली बसतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात. पेशीच्या पातळीवर वजन ही बाब आम्ही कधी हिशेबातच धरत नव्हतो. त्या वरिष्ठांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी नक्कीच आधी धुण्याबद्दल विचारलं असतं.

४. आपल्याला नवा वाटणारा प्रश्न बहुधा आपल्याहून वयाने फार लहान नसतो. १९८४ साली उलरिख शेअर आणि सहकाऱ्यांनी एका सॅलमँडरच्या अंडपेशींत ॲक्टिनविरुद्धच्या अँटिबॉडी थेट केंद्रकात टोचल्या होत्या. त्या अंडपेशींतल्या गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना प्रतिलेखनात गुंतलेल्या डीएनएचे फासे फुललेले असतात. अँटिबॉडी गेल्यावर ते फासे आक्रसले आणि जनुकांचं वाचन थंडावलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एग्ली यांच्या गटाने ॲक्टिन हा प्रतिलेखन सुरू करणारा घटक आहे का, असा सरळ प्रश्न शीर्षकातच विचारला. मग जवळजवळ शांतता. प्रयोग वाईट नव्हते. पण ॲक्टिन तिथे काय करत असेल याची कल्पनाच करता येत नव्हती, आणि ज्याची कल्पना करता येत नाही ते लोक खोडून काढत नाहीत, नुसतं बाजूला ठेवतात. मी हे निबंध वाचले तेव्हा ते ग्रंथालयाच्या तळमजल्यावर होते. धूळ झटकताना मला उगाचच अपराधी वाटलं होतं.

५. शेवटी हलवलं ते मायोसिननेच. शिकागोतल्या प्रायमल द लानेरोल यांच्या गटाने १९९७ साली केंद्रकातल्या मायोसिन-१चा पुरावा मांडला आणि २००० साली ‘सायन्स’मध्ये त्याची ओळख पटवली: नेहमीचं मायोसिन-१सी, फक्त पुढच्या टोकाला १६ अमिनो आम्लांचं शेपूट जास्त. त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी परीक्षानळीत घातली की आरएनए बनणं कमी व्हायचं. २००४ साली प्राग, हायडेलबर्ग आणि शिकागो यांच्या एकत्र कामातून पॉलिमरेज-१चं चित्र उभं राहिलं. हे पॉलिमरेज रायबोसोमचा आरएनए लिहितं, आणि पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के तोच असतो. त्या कामात दिसलं की ॲक्टिन पॉलिमरेजला कायमच धरून असतं, तर मायोसिन फक्त प्रतिलेखन सुरू करायला सज्ज असलेल्या पॉलिमरेजपाशी येतं. २००८ साली आणखी पुढची पायरी: मायोसिनची मोटर बिघडवली तर काम अडतं, आणि ॲक्टिनला साखळी करू दिली नाही तरीही अडतं. त्या १६ अमिनो आम्लांवर मी जीव टाकला होता. हेच शेपूट त्याला केंद्रकात नेत असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, फळ्यावर मी ते लाल खडूने काढायचे. २०१२ साली दाखवलं गेलं की केंद्रकात नेणारा भाग प्रथिनाच्या मानेत आहे, आणि तो नेहमीच्या मायोसिन-१सीमध्येही तसाच आहे. लाल खडू आता मानेला लागतो.

६. मोटर शोधत मी केंद्रकभर फिरत होते आणि एक दणकट मोटर समोरच होती. आरएनए पॉलिमरेज. ते डीएनए वाचतं आणि आरएनए लिहितं एवढंच आम्ही शिकलो होतो. लिहिताना ते पुढे सरकतं, म्हणजे ते बल लावतं, हे ऐकलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. १९९१ साली जिवाणूचं पॉलिमरेज काचेला चिकटवून, डीएनएच्या टोकाला सोन्याचा सूक्ष्म कण बांधून, एकेका रेणूचं सरकणं साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमधून पाहिलं गेलं. मग प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेझरच्या झोतात सूक्ष्म कण पकडून, त्याला उलट ओढून पाहिलं. ते थांबायला १९९५ साली सुमारे १४ पिकोन्यूटन बल लागलं, १९९८ च्या सुधारित मोजणीत सुमारे २५. डोळ्यांत पाणी आणणारं आमचं लाडकं कायनेसिन सहाच्या आसपासच थकतं. (या चिमट्यासाठी आर्थर ॲश्किन यांना २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि हा चिमटा काही परदेशातच चालतो असं नाही: कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटाने डायनीन मोटरी टोळीने कसा जोर लावतात हे त्याच्याच मदतीने मोजलं.) पॉलिमरेजचं पाऊल किती, तर एक अक्षर. २००५ साली स्टॅनफर्डला ते पाऊल प्रत्यक्ष मोजलं गेलं, ०.३४ नॅनोमीटरच्या हिशेबात. अणूच्या मापाचं हे पाऊल.

आणि इंधन? पुढे सरकताना वेगळा एटीपी लागत नाही. जी अक्षरं जोडायची, तीच जोडली जाताना ऊर्जा देतात. त्यातही ते ढकलत जातं असं म्हणणं पुरतं खरं नाही. उष्णतेच्या धक्क्यांनी ते पुढे-मागे डुचमळत असतं; पुढे असताना नवं अक्षर येऊन बसलं की मागची वाट बंद. चूक झाली तर ते मागेही जातं, टोक कापतं, पुन्हा लिहितं. माणसाच्या पेशीत हे मिनिटाला साधारण दोन ते चार हजार अक्षरं उरकतं. डिस्ट्रोफिनचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं; एका पॉलिमरेजला ते पार करायला १६ तास लागतात, आणि लिहून झाल्यावर त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त कापून टाकलं जातं. उरतात सुमारे १४ हजार अक्षरं. गंमत म्हणजे स्नायूंत या डिस्ट्रोफिनचं काम ॲक्टिनला पेशीपटलाशी बांधून ठेवणं हेच आहे. ते बिघडलं की डुशेन हा स्नायूंचा आजार होतो. हा हिशेब पहिल्यांदा फळ्यावर केला तेव्हा एका मुलीने विचारलं, “मॅडम, मध्येच पेशीचं विभाजन आलं तर?” विभाजनापूर्वी प्रतिलेखन थांबतं, अर्धं लिहिलेलं वाया जातं, एवढं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. मलाही ते सांगताना कसंसंच झालं होतं.

७. सुतळी हा माझ्या शिकवण्यातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी पडलेला भाग. दोन पदरी सुतळीची दोन्ही टोकं दोघांनी धरायची आणि मध्ये बोट घालून पदर अलग करत पुढे सरकायचं. पुढे पीळ आवळत जातो, मागे सैल पडतो, आणि शेवटी पुढची सुतळी गुंता होऊन वर उठते. डीएनएला साधारण साडेदहा अक्षरांमागे एक पीळ असतो. म्हणजे पॉलिमरेजला दर मिनिटाला दोनशेच्या वर पीळ उलगडायचे. १९८७ साली लिऊ आणि वांग यांनी हे मांडलं, आणि टोपोआयसोमरेज एन्झाइम्स हा ताण उतरवत असतात म्हणूनच काम चालू राहतं. सुतळीवरून मुलं हमखास पुढचा प्रश्न विचारतात: बोट फिरतंय की सुतळी? ऑक्सफर्डचे पीटर कुक यांनी आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला. त्यांचं म्हणणं, पॉलिमरेज एका जागी गटाने बसलेली असतात आणि डीएनए त्यांच्यातून ओढला जातो. आधी हे मला विक्षिप्त वाटायचं. पण एवढा मोठा यंत्रसमूह, मागे लोंबणाऱ्या आरएनएसकट, डीएनएभोवती मिनिटाला दोनशे प्रदक्षिणा घालतो हे त्याहून विक्षिप्त आहे. सगळेच गट स्थिर असतात का, किती काळ टिकतात, यावर वाद आहेत, आणि ते निकालात निघालेले नाहीत.

८. एखादी गोष्ट जागेवर राहणं हेही काम असू शकतं, हे मला मायोसिन-६ने शिकवलं. मायोसिनच्या कुळातले बहुतेक सगळे ॲक्टिनच्या तंतूवर एका दिशेने जातात; हे महाशय उलट्या. १९९९ साली ते सिद्ध झालं. कानाच्या आतल्या केसपेशींत ते लागतं. त्यात दोष असलेले उंदीर बहिरे असतात आणि गोल गोल फिरत राहतात, माणसांतही त्याच्या दोषाने आनुवंशिक बहिरेपण येतं. २००६ साली हेच मायोसिन-६ पॉलिमरेज-२च्या सोबत केंद्रकात सापडलं आणि ते असलं की प्रतिलेखन वाढतं असं दिसलं. उलटं चालणारी मोटर जनुकाला कुठे ओढत नेत असेल, म्हणून मी पुन्हा माझ्या जुन्या प्रश्नाकडे वळले. उत्तराचा धागा मात्र २००४ च्याच एका मोजणीत पडून होता: मायोसिन-६ला मागे ओढलं की ते चालायचं थांबतं आणि ॲक्टिनला घट्ट धरून बसतं. ताण आला की मोटरचा नांगर होतो. आणि २०२२ साली टोसलँड यांच्या गटाने दाखवलं की केंद्रकातलं हे मायोसिन अडवलं की पॉलिमरेज-२चे गट विस्कटतात आणि प्रतिलेखन ढेपाळतं. मोटरचं काम म्हणजे चालणं असं मी धरलं होतं. इथे धरून राहणं हेच तिचं काम होतं. रोज घरी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे इतकं उशिरा कळावं, यावर माझ्या बहिणीने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

९. केंद्रकातल्या मोटरी चालतच नाहीत असं नाही, म्हणा. इलिनॉयमधल्या अँड्र्यू बेल्मॉन्ट यांच्या गटाने २००६ साली गुणसूत्रावरची एक चमकती खूण केंद्रकाच्या कडेला पाहिली. तिथलं प्रतिलेखन चेतवल्यावर ती आत सरकली: एक ते पाच मायक्रोमीटर, मिनिटाला एक मायक्रोमीटरच्याही आतल्या वेगाने, बरीचशी सरळ वाटेने. मायोसिन किंवा ॲक्टिन बिघडवलं की ती हलेना. ती फिल्म मी आजही दाखवते. ठिपका आत जातो तेव्हा वर्गात कुणीच काही बोलत नाही, कारण तो भयंकर सावकाश जातो.

१०. सगळ्यांत जास्त नमवलं ते उंदरांनी. ज्या केंद्रकीय मायोसिन-१वर इतके निबंध, इतक्या अँटिबॉडी, इतके वाद, ते प्रथिन बनवूच न शकणारे उंदीर प्रागमधल्या गटाने तयार केले आणि २०१३ साली त्यांचं काय झालं ते छापलं. काही विशेष झालं नाही. उंदीर जगले, वाढले, पिल्लं झाली. हाडांची घनता आणि तांबड्या पेशींची संख्या-आकार यांत किंचित फरक, बस. ते १६ अमिनो आम्लांचं शेपूट नसलेलं साधं मायोसिन-१सी केंद्रकात जाऊन तेच काम करत होतं. मान तर दोघांचीही तीच. तो निबंध वाचून मला आधी चक्क राग आला, उंदरांचा. इतके दिवस धावपळ करून आम्ही ज्याला अपरिहार्य ठरवलं, त्याच्यावाचून त्यांचं छान चाललं होतं. मग लक्षात आलं की अँटिबॉडीने दोघांनाही अडवलं असणार, म्हणून परीक्षानळीत काम बंद पडत होतं. दोन्ही निकाल एकमेकांना धरून आहेत. फक्त पेशीने एकाच कामाला दोन माणसं नेमून ठेवली आहेत, आणि आम्ही सहीच्या जागी एकाचंच नाव वाचलं. वर तेच केंद्रकीय मायोसिन पेशीच्या बाहेरच्या पटलाच्या ताणाशीही जोडलेलं आहे, हे २०१६ साली आलं. नावात केंद्रक आहे म्हणून ते केंद्रकातच बसून राहील, हा हट्ट आमचा.

११. हा भाग अभ्यासक्रमात नाही, तरी मी दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, “मॅडम, परीक्षेत काय लिहायचं? केंद्रकातलं मायोसिन चालतं की धरून ठेवतं?” सुरुवातीला मी यावर लांबलचक बोलायचे. आता सांगते, दोन रकाने कर. एकात कुठल्या प्रयोगात ते चाललं ते लिही, दुसऱ्यात कुठे धरून बसलं ते लिही, आणि प्रत्येकापुढे ते केंद्रकात पाहिलं की परीक्षानळीत तेही लिही. मुलगा वही उघडतो, वर तारीख टाकतो आणि विचारतो, “किती मार्कांना येईल?”